झाशीजवळ मुलांसह तंबूतली पहिली रात्र

झाशी म्हटले की मराठी माणसाला आठवते ती राणी लक्ष्मीबाई. किल्ला, राणीमहाल आणि १८४२ मध्ये तिचे लग्न जिथे लागले ते गणेश मंदिर, एवढे पाहायला एक दिवस पुरतो. मग बहुतेक कुटुंबे खजुराहोची वाट धरतात. पण मुले बरोबर असतील आणि त्यांना पाठीवर सॅक टाकून जंगलात राहण्याची हौस असेल, तर एक रात्र राखून ठेवावी.

झाशीपासून जेमतेम १८ किलोमीटरवर, उत्तर प्रदेशची हद्द ओलांडताच मध्य प्रदेशातले ओरछा लागते. बुंदेला राजांची ही जुनी राजधानी बेतवा नदीच्या काठी वसली आहे. गावाबाहेरचा अरुंद जुना पूल ओलांडला की ओरछा अभयारण्य सुरू होते. बेतवा आणि जामनी या दोन नद्यांच्या मधले हे जंगल १९९४ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. पळस, करधई, सागाची झाडी, चितळ, नीलगाय आणि पुष्कळ वानरे. वाटा बऱ्याचशा सपाट आहेत. आठ-नऊ वर्षांचे मूलही आपली पाण्याची बाटली आणि स्वेटर पाठीवर घेऊन दोन-तीन किलोमीटर सहज चालते.

पहिल्या मुक्कामासाठी याहून जास्त अंतर ठेवूच नये. रात्री एखाद्याला ताप भरला, तर तासाभरात झाशीच्या दवाखान्यात पोहोचता आले पाहिजे. वडिलांच्या ट्रेकिंगच्या हौसेपायी मुलांचे पाय दुखले, तर पुढच्या सुटीत ती घराबाहेर पडायलाच नाही म्हणतात!

खरा प्रश्न तंबू कुठे ठोकायचा हा. बेतवेची वाळू आणि त्यातले गुळगुळीत दगड पाहून मुले तिथेच बसकण मारतात. तो मोह टाळावा. नदीच्या वरच्या अंगाला १९०९ चे सुकवां-ढुकवां आणि १९५८ चे माताटीला अशी धरणे आहेत. आभाळ निरभ्र असले तरी वरून पाणी सोडले की पात्र भरते आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. खडकांवरचा काळपट पट्टा, झुडपांत अडकलेला काडीकचरा यांवरून पाणी कुठवर चढते ते कळते. तंबू त्या खुणेच्या बराच वर असावा. शिवाय बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट भारी कडक. त्यात खुंटी जात नाही. मातीचा सपाट तुकडा शोधावा. तो वाळक्या फांद्यांखाली नसावा आणि जनावरांच्या पाणवठ्याच्या वाटेवरही नसावा.

अभयारण्यात रात्री राहायचे तर वनखात्याची परवानगी लागते. ती आधीच विचारून ठेवावी आणि मिळाली नाही तर गुपचूप तंबू ठोकण्याच्या फंदात पडू नये. दिवसभर जंगलात भटकावे आणि रात्री गावाच्या बाजूला, नदीजवळच्या एखाद्या निवासाच्या आवारात मालकाला विचारून तंबू लावावा. मुलांच्या लेखी रात्र ती रात्रच. कंदिलाच्या उजेडात पत्ते खेळताना कुंपण कुठे आहे हे त्यांच्या ध्यानातही राहत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पावसाळ्यात तो जुना पूलच पाण्याखाली असतो. मुंबईकरांनी मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या तिथल्या थंडीला कमी लेखू नये. कानटोपी, जाड चादर आणि तंबूखाली अंथरायला प्लास्टिक हवेच. जेवणाला घरून बेसन आणि मसाला बांधून न्यावा. छोट्या स्टोव्हवर पिठले-भात होतो. खाऊ उघड्यावर ठेवला तर वानरे पिशवीसकट पळवतात. नदीत मुलांना पोहायला सोडू नये, खडकांमधला ओघ फसवा असतो.

मुंबईहून पंजाब मेल थेट झाशीला जाते, पुण्याहून झेलम एक्सप्रेस. १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे उत्तरेत पोहोचून झाशीच्या वेढ्यात सापडले, तो प्रवास त्यांनी बव्हंशी पायी केला होता. २०२१ पासून स्टेशनचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई असे आहे, तिकीट काढताना गोंधळ नको.

हिवाळ्यात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चारलाच तंबू उभा करून मोकळे व्हावे, म्हणजे पलीकडच्या काठावरून ओरछ्याच्या छत्र्या आणि त्यांच्या शिखरांवर परतणारी गिधाडे निवांत पाहता येतात.