परातीतलं शेत

"डॉक्टर, मुलगी अडीच वर्षांची झाली, पण बोटाला जरा माती लागली तरी रडून घर डोक्यावर घेते." अशी तक्रार घेऊन येणारे आईवडील मला अलीकडे बरेच भेटतात. घरात गुळगुळीत फरशी, खाली सिमेंटचं पार्किंग आणि हातात मोबाईल. मुलांना माती भेटणार तरी कुठे?

माझं लहानपण शेतातल्या घरात गेलं. खळ्यावर ज्वारीच्या राशीत कोपरापर्यंत हात खुपसला की आत गार लागायचं. पोळ्याला आम्ही काळ्या मातीचे बैल करायचो. शिंगं तुटायची, पुन्हा लावायचो. पुढे पेन्सिल धरणारी, शर्टाची बटणं लावणारी बोटं अशाच खेळांतून तयार होतात. पडद्यावरची माती ओली लागत नाही आणि तिला वासही नसतो.

हे शेत तुम्ही घरातल्या परातीतही करू शकता. मात्र वय बघून.

तीन वर्षांपर्यंत : सुटं धान्य नको. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ भात बोटांनी चिवडू द्या, पोटात गेला तरी बिघडत नाही. त्यापुढे परातीत ओली माती द्या. चमच्याने नांगरट करू द्या, पालकाची पानं रोवू द्या.

तीन वर्षांनंतर : ज्वारी, तांदूळ, छोटी सुपली, मापटं. कुंडीत मेथी पेरा. चार-पाच दिवसांत कोंब दिसले की मूल रोज सकाळी आधी तिकडे धावेल.

आता काळजीचं. शेंगदाणा, हरभरा, वाटाणा, चिंचोका लहान मुलांच्या खेळात कधीच नको. मूल हसता हसता दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. खेळताना अचानक ठसका लागला, मग श्वासाला घरघर किंवा न थांबणारा खोकला सुरू झाला, तर ठसका थांबला म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलाला खोकता, रडता किंवा श्वास घेता येत नसेल तर ती आणीबाणी समजा. दाणा दिसत नसताना घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो. नाकात हरभरा गेला तर तो ओलाव्याने फुगतो. घरी चिमटा न घालता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. गुंज आणि एरंडीच्या बिया विषारी असतात, त्या दिसायला सुंदर असल्या तरी घरात आणू नका.

माती खत-फवारणी नसलेली आणि कुत्र्या-मांजरांनी घाण न केलेली घ्या. खेळानंतर साबणाने हात धुवा, नखं कापलेली ठेवा. धनुर्वाताचं संरक्षण देणारे दीड आणि पाच वर्षांच्या सुमाराचे बूस्टर डोस चुकवू नका. जंताची गोळी अंगणवाडीत मिळते. आणि परातीत पाणी असेल तर फोन वाजला तरी जागचं हलू नका. थोड्याशा पाण्यातही बाळ बुडू शकतं.

मूल माती टाळत असेल तर हात धरून बुडवू नका. आधी चमचा द्या, मग एक बोट. बहुतेक मुलं काही दिवसांत रुळतात. पण कपडे, जेवण, केस कापणं या सगळ्याचाच त्रास होत असेल, हाक मारल्यावर मूल बघत नसेल किंवा बोलणं उशिरा येत असेल, तर "होईल मोठं झाल्यावर" म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा फायदा जास्त होतो.

बाकी कपडे मळतील. ते धुता येतात.