गुंतवळ

फणेरपेटी. लाकडी, झाकणाला आतून आरसा. खणांत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. मेण आधी बोटाने लावायचं, मग त्यावर कुंकू. आता पाहायची तर पुण्याच्या केळकर संग्रहालयात, काचेपलीकडून.

फणी. शिंगाची, लाकडी, श्रीमंताघरी हस्तिदंती. एका बाजूचे दाते विरळ, दुसरीकडचे दाट. दाट बाजू उवा-लिखांसाठी. प्लॅस्टिकची जत्रेत अजून मिळते.

शिकेकाई. पाकिटातली भुकटी नव्हे. रिठे, आवळकाठी, नागरमोथा घालून उकळलेली, डोळ्यांत गेली की रडवणारी.

मूद, राखडी, केवडा, आग्रफूल. केसांतलं सोनं. बरंचसं आटवून बांगड्यांत गेलं. अंबाडाच घालायचा नाही, तर खोचायचं कशात?

गंगावन. वेणीफणी झाली की फणीत अडकलेली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत किंवा एखाद्या पुरचुंडीत ठेवायची. ती टाकायची नाही. वर्षानुवर्षं साठली की तिचं गंगावन वळून घ्यायचं आणि विरळ झालेल्या वेणीत गुंफायचं. आपलेच गळलेले केस पुन्हा आपल्याच पाठीवर. आईचं गंगावन लेकीकडेही जाई. आई पिकलेली, कधी गेलेलीसुद्धा. लेकीच्या वेणीत मात्र आईचे ऐन तारुण्यातले काळेभोर केस. फोटो काढायची ऐपत नसलेल्या घरांत आईचं एवढंच मागे राहत असेल. पुढे गुंतवळीला गिऱ्हाईक आलं. ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी गल्लीत आली की पोरं आईच्या पुरचुंड्या शोधत धावायची. गंगावनं नायलॉनची झाली. ती चकाकतात, आणि कुणाचीच नसतात.

न्हाव्यापुढचा पाट, वस्तरा, तांबडं आलवण. वारशाच्या याद्या करणारे हे तीन जिन्नस हमखास विसरतात. नवरा गेला की बाईचे केसही जात, अंगावर आलवण येई, आणि पुढे दर काही दिवसांनी डोकं पुन्हा वस्तऱ्याखाली. 1890 मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनीच, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचं वपन करायचं नाही असं ठरवलं. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांनीच तो खाली ठेवायचं म्हटलं. रोजगार बुडणार हे ठाऊक असताना. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे कधी आलं नाही.

जट. केस गुंतून दोरखंडासारखे वळतात, मानेला ओझं होतं, आणि देवीचा कोप होईल म्हणून कात्री लावायची नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालत, तासन्‌तास बसून ती कापतात. यादीत हिची जागा राखून ठेवली आहे. अजून पुरती गेलेली नाही.