भुसावळचें मैदान

उत्तरेकडे किंवा विदर्भाकडे ज्यांनीं रेल्वेनें प्रवास केला आहे, त्यांनीं भुसावळ पाहिलेलें असतें. परंतु तें बहुधा डब्याच्या खिडकींतून, आणि तेंहि हातांत चहाचा पेला धरून. गाडी थांबते, उतारू खालीं उतरतात, पाणी भरून घेतात, केळ्यांची फणी विकत घेतात आणि शिट्टी होतांच पुन्हां आपापल्या जागीं जाऊन बसतात. गांव स्टेशनाच्या पलीकडेच राहतें. आम्हींहि आजवर पन्नासएक वेळां असेंच भुसावळ ओलांडलें. यंदा मार्गशीर्षांत मात्र आमच्या साडूंच्या आग्रहावरून तेथें चार दिवस राहण्याचा योग आला, आणि त्या मुक्कामांत एका अगदीं अनपेक्षित प्रश्नानें आमची झोंप उडविली. तो प्रश्न फुटबॉलचा होता, असें सांगितलें तर आमचे जुने विद्यार्थी हंसतील. हंसोत बापडे.

भुसावळ हें रेल्वेनें वाढविलेलें गांव होय. १८६० नंतरच्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग खानदेशांत आला आणि येथें त्यास दोन फांटे फुटले. एक खंडव्यावरून जबलपुराकडे, दुसरा वऱ्हाडांतून नागपुराकडे. नागपूरचा मार्ग १८६७ त पुरा झाला, आणि १८७० त जबलपुरास दोन कंपन्यांचे रूळ जुळून मुंबईहून कलकत्त्यास आगगाडीनें जातां येऊं लागलें. १९५१ मध्यें जुन्या कंपनीचें नांव जाऊन मध्य रेल्वे हें नांव आलें, तरी विभागाचें ठाणें भुसावळींच राहिलें. गांवाच्या उत्तरेस तापी वाहते, भोंवतीं केळीच्या बागा आहेत, आणि वैशाखांतलें येथील ऊन तर साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. सुदैवानें आम्ही थंडींत गेलों होतों. सकाळीं कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत, दुपारीं वामकुक्षी, आणि सायंकाळीं साडूंबरोबर फेरफटका, असा क्रम ठरून गेला.

आमचे साडू रेल्वेंतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. घड्याळ पाहिल्यावांचून त्यांचें पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाहीं. बरोबर पांचाच्या ठोक्यास ते आम्हांस रेल्वेच्या वसाहतीकडील एका मैदानावर घेऊन गेले. मैदान म्हणजे काय, तर तांबूस-काळी धूळ, कडेला चार-दोन निंबाचीं झाडें, आणि दोन्ही टोकांस गंजलेले लोखंडी खांब. भिंत नाहीं, तिकीट नाहीं, बसावयास दगड. पण त्या धुळींत तीस-चाळीस मुलें अशा तन्मयतेनें खेळत होतीं, कीं त्यांच्या अंगावरून मालगाडी गेली असती तरी त्यांनीं मान वळविली नसती. रेल्वेच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांबरोबर हॉकी आणि फुटबॉल इकडे आले, तीं कुटुंबें बहुतेक निघून गेलीं, खेळ मात्र राहिला, असें साडू म्हणाले. त्यांचा नातूहि त्या मुलांत होता. वय वर्षें चौदा. अंगांत आकाशी रंगाचा सदरा. तो रंग मुंबई सिटी या फुटबॉल-क्लबाचा, असें आम्हांस मागाहून कळलें.

रात्रीं पंगत बसली. साडूंचे चिरंजीव ठाण्यास नोकरीस असतात. ते रजेवर आले होते. नातवानें विषय काढला तो असा, कीं आपल्या क्लबानें आतां मुंबईंत स्वतःचें मोठें स्टेडियम बांधावें, निदान पन्नास हजार माणूस मावेल एवढें.

"आजोबा, एवढा मोठा क्लब, आणि राहतो भाड्याच्या घरांत!" असें तो आमच्याकडे पाहून म्हणाला.

त्याचें म्हणणें पोरकट नव्हतें. हा क्लब २०१४ मध्यें स्थापन झाला. पहिलीं दोन वर्षें तो नव्या मुंबईंतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. तेथें सुमारें ५५,००० प्रेक्षक बसतात. २०१६ पासून तो अंधेरीस महापालिकेच्या शहाजीराजे क्रीडासंकुलांतील मैदानावर आला. तेथें सात-आठ हजारांहून अधिक माणूस मावत नाहीं. म्हणजे मोठ्या घरांतून लहान घरांत बिऱ्हाड हलविलें. पुढें २०२३ मध्यें आशिया खंडाच्या मोठ्या स्पर्धेंत हा क्लब उतरला, तेव्हां त्यास आपले घरचे सामने अंधेरीस भरवितां आले नाहींत. एकदां पुण्यास बालेवाडीला, आणि सौदी अरबस्तानच्या अल हिलालशीं गांठ पडली तेव्हां पुन्हां नव्या मुंबईस, असें त्यास फिरावें लागलें. पाहुणा दारीं यावा आणि यजमानानें शेजाऱ्याची ओसरी मागावी, यांत उणेपणा आहे हें कोणीहि मान्य करील.

चिरंजीवांनीं हिशेबाची बाजू घेतली. ते म्हणाले, "मोठें बांधणें सोपें आहे, भरणें कठीण. पन्नास हजारांच्या जागेंत दहा हजार बसले, तर तें मसणासारखें दिसतें. आणि लीगचाच भरंवसा कोठें आहे? २०२५ च्या जुलैंत करारमदाराचा घोळ होऊन पुढचा हंगामच स्थगित झाला. ज्याचें भाडें कोण भरणार हें ठाऊक नाहीं, त्यानें माडी चढवावी काय?" शिवाय याच क्लबानें आपलें पहिलें अजिंक्यपद २०२१ च्या मार्चांत गोव्यास फातोर्ड्याच्या मैदानावर मिळविलें, तेव्हां महामारीमुळें प्रेक्षागार रिकामें होतें, याचीहि त्यांनीं आठवण दिली.

यावर नातू फणकाऱ्यानें उत्तरला, "म्हणूनच तर बाबा! आम्हांला कुठें पाहायला मिळालें तें?" या उत्तरानें आम्ही अंतर्मुख झालों. खेळ प्रेक्षकांवांचून जिंकतां येतो, पण त्या जिंकण्याचा आनंद घरोघर टांगून ठेवलेल्या चित्रासारखा होतो, हें त्या मुलानें न शिकतां ओळखलें होतें.

आम्हीं आमच्या परीनें मुंबईचाच एक जुना दाखला काढला. चर्चगेटजवळचें ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें. तें १९३७ मध्यें उघडलें. पुढें क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यांत बसण्याच्या जागांच्या वांटणीवरून बेबनाव झाला, आणि संघटनेनें जवळच, हांकेच्या अंतरावर, वानखेडे स्टेडियम उभारलें. वर्ष-सव्वा वर्षांत तें उठलें आणि १९७५ च्या जानेवारींत तेथें वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना झाला. ब्रेबर्नवर मात्र १९७३ नंतर २००९ पर्यंत एकहि कसोटी सामना झाला नाहीं. आणि मौज अशी, कीं जागांसाठीं जें बांधलें त्याच वानखेडेच्या जागा २०११ च्या विश्वचषकापूर्वीं नूतनीकरणांत कमी करण्यांत आल्या. आज तेथें सुमारें ३३,००० माणूस बसतें. परदेशींहि हेंच. ब्राझीलच्या माराकानांत १९५० मध्यें पावणेदोन लाखांवर प्रेक्षक बसले होते, आतां ऐंशी हजारहि मावत नाहींत. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्यें १९९७ त एका सामन्यास सव्वा लाखांहून अधिक लोक लोटले. तेंहि पुढें लहान करण्यांत आलें. माणसाला पाठ टेंकावयास खुर्ची दिली, कीं उभ्या गर्दीची संख्या आपोआप घटते.

संस्कृताचा शिक्षक गप्प कसा राहील? भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षागृहाचीं तीन मानें सांगितलीं आहेत. ज्येष्ठ १०८ हातांचें, मध्यम ६४ हातांचें, कनिष्ठ ३२ हातांचें. ज्येष्ठ मान देवांचें ठरवून मनुष्यांसाठीं त्यांनीं मध्यमाची शिफारस केली, आणि कारणहि दिलें: फार मोठ्या गृहांत नटाचा शब्द विरतो व मुखावरील भाव दिसत नाहींत. चेंडू मारणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे, एवढीच भर आम्हीं त्यांत घातली. पंगतींत हंशा झाला. आपण वाद जिंकला असें आम्हांस वाटलें.

तेवढ्यांत वाढतां वाढतां सूनबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळे बसणाऱ्यांच्याच जागा मोजतां आहांत. खेळणाऱ्यांची जागा कोणी मोजली का? माझ्या मुलीला खेळायचं आहे. संध्याकाळीं मैदान मुलांनीं भरलेलं असतं."

त्या सहज बोलल्या. पण घांस आमच्या हातांतच राहिला. कारण खेळणाऱ्यांची जागा न मोजण्याचें पातक आमच्या हातून एकदां घडलेलें आहे.

सुमारें वीस वर्षांमागें आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिकवीत होतों. शाळेचें नांव येथें सांगत नाहीं. दोष शाळेचा नव्हे. महोत्सवी वर्ष आलें, माजी विद्यार्थ्यांनीं पैसा उभा केला, आणि मैदानाच्या दोन्ही बाजूंस पायऱ्यांचें पक्कें प्रेक्षागार बांधावें असें ठरलें. वर्गणीचें विनंतिपत्रक आम्हींच लिहिलें. त्यांत कालिदासाच्या थाटाचीं विशेषणें होतीं. विरोध एकट्या व्यायामशिक्षकानें केला. तो हातांत फीत घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, फुटबॉलच्या मैदानाला निदान पंचेचाळीस मीटर रुंदी लागते. पायऱ्या झाल्यावर चाळीसहि उरत नाहींत." आम्हीं त्यास सांगितलें, कीं पांच मीटरांपुढें गांवाची भावना मोठी आहे. पायऱ्या झाल्या. वर्षांतून दोनदां, प्रजासत्ताकदिनीं आणि स्नेहसंमेलनास, त्या भरतात. गोलाचे खांब पहिल्याच पावसाळ्यांत काढून कोठींत ठेवले. त्या शाळेचा फुटबॉलचा संघ पुन्हां जमला नाहीं. तो शिक्षक आजहि भेटला कीं वांकून नमस्कार करतो. मैदानाचा विषय मात्र काढीत नाहीं. त्यानें एकदां तो काढावा, असें आम्हांस फार वाटतें.

त्या रात्रीं अंथरुणावर पडून आम्हीं नातवाच्या प्रश्नाचा नव्यानें विचार केला. मुंबईच्या क्लबानें काय करावें? आमच्या अल्प मतीस असें वाटतें, कीं त्याला स्वतःचें घर हवें, हें खरें. २०२३ ची ओढाताण पुन्हां होऊं नये इतकें तें नेटकें असावें. पण तें पन्नास हजारांचें नको. पंधरा-वीस हजारांचें पुरे. लग्नकार्यासाठीं आपण मांडव घालतों, घराच्या भिंती सरकवीत नाहीं. आणि अल हिलालसारखा पाहुणा आला तर मांडव म्हणून नव्या मुंबईचें स्टेडियम आहेच. वांचलेल्या पैशांतून स्त्रियांसाठीं स्वच्छ सोय, शाळकरी मुलांसाठीं स्वस्त जागा, आणि मुख्यत्वेंकरून सरावाचीं चार उघडीं मैदानें करावींत. इंग्लंडांत एव्हर्टन क्लबाच्या पुरुषांचा संघ २०२५ त नव्या व मोठ्या स्टेडियममध्यें गेला. पण १८९२ पासूनचें जुनें गुडिसन पार्क पाडलें नाहीं, तें स्त्रियांच्या संघास दिलें. नवें बांधतांना जुनें कोणाच्या हातीं द्यावें, याचाहि विचार करतां येतो, हें त्यावरून दिसतें.

हा निर्णय सकाळीं आम्हीं नातवास ऐकविला. पंधरा हजारांवर तो नाखुष झाला. थोडी घासाघीस करून वीस हजारांवर त्यानें मान डोलावली. मग त्यानें विचारलें, "आणि आमच्या भुसावळला?" आम्हीं म्हटलें, "भुसावळला एक पाण्याचा नळ, चार झाडें अधिक, आणि तुझ्या बहिणीला आठवड्यांतून तीन संध्याकाळ." साडूंनीं घड्याळ काढून तत्काळ वार ठरविले, सोम, बुध आणि शुक्र. शुक्रवारीं आम्ही पाहावयास गेलों. सात मुली आल्या होत्या. मुलें आधीं कुरकुरत कडेला बसलीं, नंतर तीं आरडाओरड करून त्यांना खेळ सांगूं लागलीं. एकदां चेंडू आमच्या पायाशीं आला. आम्हीं तो परत मारला. तो भलतीकडेच गेला, आणि निंबाखालीं बसलेल्या साडूंनीं उठून त्यास वाट दाखविली.

घरीं परतल्यावर पहिलें काम केलें तें त्या व्यायामशिक्षकास पत्र लिहिण्याचें. पूर्वेकडच्या पायऱ्या काढल्या तर पांच मीटर परत मिळतील किंवा नाहीं, एवढें त्यानें फीत लावून पाहावें. मिळत असतील तर वर्गणीचें पत्रक आम्ही पुन्हां लिहूं, आणि या खेपेस विशेषणें घालणार नाहीं, असें त्यांत कळविलें आहे. पत्र टाकून आठ दिवस झाले. टपालवाला आमच्या गल्लींत अकराच्या सुमारास येतो.