पाव इंचाची फट

मागच्या जुलैत आमच्या हॉलची जमीन उठून बसली.

अक्षरशः! काचेच्या सरकत्या दारापासून चारेक फुटांवर, दोन पट्ट्यांच्या सांध्यावर चांगला फुगवटा आला. पाय दिला की खाली, काढला की पुन्हा वर. लेकीने उड्या मारायला सुरुवात केली. बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त वाईट.

कारण ती जमीन मी स्वतः बसवली होती. जानेवारीत, बाहेर उणे वीस असताना. (मिनेसोटात जानेवारीत माणूस दुसरं करणार तरी काय?) व्हिनाइलच्या पट्ट्या, एकीत एक खटकन् अडकणाऱ्या. गोंद नाही, खिळा नाही. सगळी जमीन मिळून एक मोठी चटई होते आणि ती खालच्या प्लायवर नुसती पडून राहते. म्हणूनच तिला तरंगती म्हणतात. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, चारी बाजूंना पाव इंच जागा सोडा. भिंतीकडेची फट बेसबोर्डखाली झाकली जाते. पण दाराशी बेसबोर्ड नसतो, तिथे फट दिसणार. म्हटलं, इथे जरा चपखल बसवू. झकास बसली! फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

भुसावळहून बाबांचा एकच प्रश्न आला, "कडेला जागा सोडलीस ना रे?"

"हो, बाबा." तीन बाजूंना सोडली होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

बाबांचा सगळा जन्म रेल्वेच्या रुळांवर गेला. आई गेल्यावर मे महिन्यात ते आमच्याकडे आले, सहा महिन्यांसाठी. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी त्यांचं वेळापत्रकच आखलं. सात वाजता फिरणं, मग योग, मंगळवारी लायब्ररी, गुरुवारी ज्येष्ठांचा गट, शनिवारी देऊळ. एक दुपार रिकामी ठेवली नाही. ते सगळीकडे मुकाट्याने जायचे. आणि जुलैत एका संध्याकाळी म्हणाले, "मला सप्टेंबरचं तिकीट काढून दे."

मला राग आला. इतकं करूनही? त्यानंतर आठ दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. जमीन फुगली ती त्याच आठवड्यात.

शनिवारी देवळात न जाता बाबा माझ्याबरोबर जमिनीवर बसले. समोरच्या भिंतीचा बेसबोर्ड काढला, तर तिथलीही फट गायब! पट्ट्या ठोकता ठोकता अख्खी जमीन सरकून भिंतीला भिडली होती. एकीकडे भिंत, दुसरीकडे दाराची चौकट आणि वरून जुलैचं ऊन. पसरायला जागा उरली नाही, म्हणून ती वर आली.

"तेरा मीटरचा रूळ," बाबा म्हणाले, "चाळीस अंशांनी तापला की सहा मिलिमीटर वाढतो. म्हणजे तुझा पाव इंच. म्हणून पूर्वी दोन रुळांत फट असायची. गाडीची खडखड त्याचीच. हे व्हिनाइल तर पोलादापेक्षा जास्त पसरतं."

मला उगीच वाद घालायचा होता. "पण हल्ली तर लांबच लांब वेल्ड केलेले रूळ असतात. त्यांना कुठे फट असते?"

"ते बांधलेले असतात. स्लीपर, खडी, सगळ्यांनी घट्ट धरून ठेवलेले. पसरू शकत नाहीत." ते थोडं थांबले. "म्हणून ताण आतल्या आत राहतो. उन्हाळ्यात त्यांच्यावरच जास्त नजर ठेवावी लागते."

ते रुळांबद्दलच बोलत होते. बाबा कधी आडून बोलत नाहीत. पण मी कटर हातात धरून तसाच बसून राहिलो.

दाराकडची कड पाव इंच कापली. दोन दिवसांत जमीन आपोआप खाली बसली, काही दाबावं लागलं नाही. फटीवर झाकणपट्टी लावली. ती चौकटीला चिकटवली, जमिनीला नाही. नाहीतर पुन्हा तेच.

सप्टेंबरचं तिकीट काढलं. वेळापत्रकही फ्रिजवरून काढलं. उरलेले दिवस बाबा बहुतेक वेळ काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. कधी आईबद्दल बोलायचे, कधी काहीच नाही. पूर्वी मी लगेच "बाबा, कंटाळा आला का?" विचारलं असतं. आता विचारत नव्हतो. गुरुवारी मात्र ते स्वतःहूनच त्या गटात जायला लागले. म्हणे तिथला एक म्हातारा बुद्धिबळ बरा खेळतो.

जाताना म्हणाले, "पुढच्या मेमध्ये बघू."

यायचंच असं मी म्हटलं नाही. ओठावर आलं होतं, पण नाही म्हटलं.