आबांचा तांडा

माझे आजोबा, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणते, वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी होते. पाटण तालुक्यातलं गाव सोडून १९७९ साली मस्जिद बंदरला आले. १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचं मार्केट वाशीला हललं, तसे टोळीबरोबर आबाही हलले. २०१८ ला रिटायर झाले. १९६९ चा माथाडी कायदा होता म्हणून फंड आणि ग्रॅच्युइटी मिळाली, त्यामुळे अण्णासाहेब पाटलांचा फोटो आमच्या घरात देवांच्या रांगेतच आहे.

गोण्यांवर गावांची नावं छापलेली असतात. लासलगाव, इंदूर, मंदसौर, आग्रा. आबा म्हणायचे, "चाळीस वर्सं ह्या गावांची वझी पाठीवर घेतली, पर गाव एकबी बघितलं न्हाय." म्हणून त्यांनी ठरवलं की गोणी जिथून येते तिथपर्यंत उलटं जायचं. शेवटचा मुक्काम आग्रा. ताजमहाल बघायला नव्हे, बटाटा काढताना बघायला! फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडे काढणी असते, त्याच्या आत पोचायला हवं एवढीच अट.

गाडी चाचांची. चाचा म्हणजे मार्केटात आयुष्यभर टेम्पो चालवलेले आबांचे दोस्त. त्यांच्याकडे शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस पडून होती. सीट काढून दोन फळ्या, गाद्या, स्टोव्ह आणि पाण्याचा ड्रम असा संसार मांडला. २०२१ साली आपल्या सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असली बस बसली असती असं वाटत नाही. पण बैलांवर धान्य-मीठ लादून देशभर फिरणारे लमाणांचे तांडे आठवले, तर आबांचा तांडा अगदीच वेगळा नव्हता.

२०२५ च्या फेब्रुवारीत निघाले. कसारा घाटातच टेंपरेचरचा काटा वर गेला. नाशिकला होज पाइप बदलण्यात एक दिवस गेला. लासलगावला तीन दिवस थांबले, पण ते खुशीने. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसमोर उभं राहून होणारा लिलाव आबा सकाळ-संध्याकाळ बघत होते. धुळ्याला पट्टा तुटला. आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडून बिजासन घाट चढताना पांढरा धूर सोडून बस जी थांबली ती थांबलीच. ओढून सेंधव्याला नेली. मेकॅनिक म्हणाला, हेड उतरवावं लागेल.

आठवडा झाला तरी बस तिथेच. पप्पा वैतागले. मला म्हणाले, "तू इंजिनिअर होणार ना? कॉलेज बुडव चार दिवस, पण त्या दोघांना घेऊन ये."

इथे एक सांगायला हवं. बुडवायला कॉलेज नव्हतंच. एम-थ्री आणि थर्मोसकट पाच विषय राहून माझं वर्ष गेलं होतं. घरी मी कुणाला बोललो नव्हतो. ऑगस्टपासून रोज सकाळी डबा आणि बॅग घेऊन निघायचो आणि मार्केटच्या आसपास वेळ काढायचो. कधी दाणा मार्केटच्या मागे, कधी फळ मार्केटच्या धक्क्यावर. एवढ्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय!

इंदूरच्या बसने पहाटे सेंधव्याला उतरलो. गॅरेजसमोर पिवळी बस उभी, आबा बाहेर लसूण सोलत बसलेले. मेकॅनिकने मला हेडवर स्टील पट्टी ठेवून फीलर गेज आत सरकवून दाखवला. हेड वाकलं होतं, गॅस्केट गेलं होतं, पाणी सिलिंडरमध्ये शिरत होतं म्हणून पांढरा धूर. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं (बहुधा चुकीचं). फीलर गेज हातात मात्र तेव्हा पहिल्यांदा धरला.

हेड फेसिंगला धुळ्याला पाठवलं. तिथे नंबर लागायला दोन दिवस. परत आलं, तर सेंधव्यात होळीआधीचा भगोऱ्या सुरू झालेला. मेकॅनिकची दोन्ही पोरं ढोल ऐकून पळाली आणि दुकान अर्धं बंद. चाचा दिवस मोजत होते, "काढणी संपली तर आग्र्याला काय मातीच बघायची?" आबा मात्र गप्प. मला त्यांचं गप्प बसणं जास्त टोचत होतं.

रात्री पप्पांचा फोन आला. बस तिथेच विका, रेल्वेने परत या. आबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मला विचारलं, "तुजं कालेज लई बुडतंय का रं?"

मी म्हटलं, "नाही, चालेल."

"चालंल म्हंजे? ऑगस्टपास्नं चालतंयच की." मी वर बघितलंच नाही. "टोळीच्या पोरांनी तुला बघितलं, तवाच मला फोन आला. फळ मार्केटात कोन कुनाला वळखत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हून थांबलो. लई टाइम लावलास."

पुढे काहीच बोलले नाहीत. कूस बदलून झोपले. मी तासभर बसच्या पायरीवर बसलो आणि मग पप्पांना फोन करून सगळं सांगितलं. पप्पा काय म्हणाले ते या पानावर छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक एकटाच होता, म्हणून हेड बसवायला मी हाताखाली थांबलो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आलटून-पालटून आवळायचे, म्हणजे हेड सपाट बसतं, असं मी ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "भैया, बीस साल से वही कर रहा हूँ." मुकाट्याने पाना दिला. दुपारी इंजिन सुरू झालं. पप्पांचा राग उतरायच्या आत आम्ही तिघंही उत्तरेकडे निघालो. खलघाटला नर्मदा ओलांडताना आबांनी हात जोडले. इंदूर, मंदसौर राहिलंच, वेळ नव्हता.

आग्र्याजवळ पोचलो तेव्हा मार्च निम्मा उलटून गेला होता. बहुतेक शेतं रिकामी. एका ठिकाणी शेवटचे चार-पाच वाफे उकरायचे राहिले होते. आबा बांधावर उभे राहून बघत होते, दहा मिनिटं असतील फार तर. मग शेजारच्या कोल्ड स्टोरेजवर गेले. तिथे हमाल गोण्या चढवत होते. आबांनी त्यांना मोडक्या हिंदीत विचारलं, बोर्ड है क्या? फंड कटता है? ते हसले. आबा हसले नाहीत. एका गोणीची शिवण अंगठ्याने दाबून बघत बराच वेळ उभे राहिले.

एक ट्रक वाशीसाठी भरत होता. आबांनी लगेच टोळीच्या मुकादमाला फोन लावून नंबर सांगितला, "ह्यो गाडा येतोय. म्या हितं भरताना बघितलाय. जपून उतरवा."

परतताना शिवपुरीला टायर फुटला, मग पुन्हा तोच होज पाइप. ट्रक आमच्याआधी तीन दिवस पोचला.