फूटपट्टी कोणाची? विद्यापीठांची क्रमवारी आणि आपली मुले

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी जाहीर झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या यादीत ३ वरून ११ वर आणि सर्व विद्यापीठांच्या यादीत २३ वरून ५६ वर घसरले. लगेच गुणवत्ता ढासळल्याची ओरड सुरू झाली. पण त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या क्यूएस या खासगी कंपनीच्या जागतिक यादीत हेच विद्यापीठ ६३१-६४० च्या गटातून ५६६ वर चढले होते. मग तीन महिन्यांत विद्यापीठ सुधारले की बिघडले? विद्यापीठ तेच होते, फूटपट्टी वेगळी होती.

आम्ही तळवड्यात, रुपीनगर भागात काम करतो. मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या कामगारांची मुले इथे वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करून बी.ए., बी.कॉम. पूर्ण करतात. बहुतेक जण घराण्यातले पहिले पदवीधर. त्यांना दार उघडे असते ते सार्वजनिक विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांचेच. आम्हीही त्याच वाटेने समाजशास्त्रात एम.ए. केले. भारत सरकारची शिष्यवृत्ती नसती तर आमचे शिक्षण बारावीलाच थांबले असते.

या प्रवासाला फूटपट्टीवर किती गुण? क्यूएसच्या १०० गुणांपैकी ४५ नावलौकिकाचे आहेत: ३० जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला, १५ नोकरी देणाऱ्यांच्या मताला. परदेशी शिक्षकांना ५, परदेशी विद्यार्थ्यांना ५. पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेले, याला शून्य. आपल्या एनआयआरएफमध्ये समावेशकतेला १० टक्के वजन आहे. त्यातला पाचवा हिस्सा सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांचा, म्हणजे १०० पैकी २. बाहेरच्या राज्यांतून आणि देशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र ३!

प्रतिष्ठा ही कमाई असते तसा वारसाही असतो, हे जातीच्या समाजात आम्हाला कोणी शिकवायला नको. आधी ज्यांचे नाव झाले त्यांनाच पुन्हा नाव मिळते आणि त्याला मेरिट म्हटले जाते.

सावित्रीमाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. या फूटपट्टीने मोजली तर ती शाळा यादीतच येणार नाही. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्यावर बोलताना उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम मानले. १९४६ चे सिद्धार्थ आणि १९५० चे मिलिंद महाविद्यालय त्याच विचारातून उभे राहिले.

याचा अर्थ क्रमवारी केराच्या टोपलीत टाका, असा नाही. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण दोन्ही याद्यांत मोजले जाते आणि ते मोजलेच पाहिजे. राज्यातल्या विद्यापीठांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर पोट भरणार की संशोधन करणार? भरती थांबते तेव्हा राखीव जागांचा अनुशेषही वाढतो. म्हणजे नुकसान दुहेरी: आपल्या मुलांना शिक्षक नाही आणि आपल्या नेट-सेट, पीएच.डी. झालेल्यांना नोकरी नाही. हा घसरलेला क्रमांक विद्यार्थ्यांचा नाही, सरकारचा आहे.

आणि हा केवळ मानपानाचा प्रश्न नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते, तीही क्यूएसच्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश असेल तरच. २०१ व्या विद्यापीठात तिच्या विषयाचा सर्वोत्तम विभाग असला तरी आपली मुलगी बाद. दुसरीकडे २०२३ च्या यूजीसी नियमांनी जगातील पहिल्या ५०० मधील विद्यापीठांना भारतात शाखा उघडण्याची मुभा दिली. तिथे आरक्षणाचे बंधन नाही. एकाच यादीने आपल्याला बाहेर जाताना अडवायचे आणि त्यांना आत येताना सवलत द्यायची, हा कुठला न्याय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रिकामी पदे बिंदुनामावलीनुसार भरा. शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाच्या क्रमांकाबरोबर विषयाचा क्रमांकही धरा. आणि प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे: पहिल्या पिढीचे किती विद्यार्थी आले, किती पदवीधर झाले, किती मध्येच गळाले आणि का. रुपीनगरच्या आईबापांना मुलाला कुठे घालायचे हे ठरवताना हीच यादी उपयोगी पडेल.

जय भीम!