बाटलीवरचे नाव

गेल्या पौषात पालीच्या खंडोबाचे लग्न पाहून मी सांगलीस परतलो, त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थी घरी आला. पलूसकडचा, घरची द्राक्षबाग. स्वतःची फेसाळ वाइन काढण्याचे त्याच्या मनात होते. "सर, 'बाणाई' हे नाव कसं वाटतंय?" मी लोकसाहित्य शिकवतो, म्हणून कौल मला.

नाव गोड लागले आणि खटकलेही. साताऱ्याच्या पालीत देवाचे लग्न लागते ते म्हाळसेशी. धनगरांची बाणाई नांदते ती ओव्यांत आणि जागरणाच्या गाण्यांत. गुंथर सोन्थायमर यांच्यासारखा अभ्यासक जर्मनीहून येऊन या ओव्यांमागे हिंडला. ओवी एकट्याची नसते. एक गातो, साथीदार झेलतात. बाटलीवर नाव जाईल, झेलणारे मागे राहतील.

माधव जूलियनांनी फिट्‌झेराल्डच्या रुबायांचे मराठी रूप 'द्राक्षकन्या' या नावाने दिले. पुढे १९८० च्या दशकात नारायणगावी श्याम चौगुले यांनी फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन केली. तीही परदेशी गेली ती 'उमर खय्याम' म्हणून. इराणचा कवी इथे कोणाचे कुलदैवत नव्हता, म्हणून निभावले. २०२२ मध्ये तर मद्याच्या दुकानांना देवांची आणि गडांची नावे नकोत, असे राज्य सरकारनेच बजावले.

पण मग 'तास-ए-गणेश'चे काय? तासगावच्या मातीत निवडलेल्या या बिनबियांच्या द्राक्षाच्या नावात गाव आणि गणपती दोन्ही ऐकू येतात. कोणाची भावना दुखावत नाही. द्राक्ष वाळले की बेदाणा होऊन प्रसादात जाते, आंबले की विटाळ होतो. हा न्याय मला पटत नाही. माझी हरकत पावित्र्याची नव्हतीच.

माझ्या वडिलांनी एकदा करारावर वाइनची द्राक्षे लावली होती. खरेदीदार फिरकला नाही. घड वेलीवरच कुजले. पुढल्या वर्षी वडिलांनी स्वतः कुऱ्हाड घातली. त्या वाइनचे नाव काय असणार होते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. पिकवणारा एक आणि नाव मिरवणारा दुसरा, हे मी घरातच पाहिले आहे.

म्हणून त्याला एवढेच म्हणालो, "आधी आरेवाडीला बिरोबाच्या जत्रेत जा. ओवी गाणाऱ्यांजवळ रात्रभर बस. त्यांना विचार, आणि बाटलीमागे त्यांचा वाटा किती, तेही ठरव."

"विचार करतो, सर," म्हणून तो गेला. अद्याप त्याने काही कळवलेले नाही.